‘सूर्यराजा’ हे नाव आलं कुठून? १६५३ च्या एका दरबारी बॅलेची तपासणी

फ्रान्सच्या चौदाव्या लुईला ‘सूर्यराजा’ का म्हणतात, याचं तयार उत्तर इंटरनेटवर कुठेही सापडतं: वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका बॅलेत उगवत्या सूर्याच्या भूमिकेत नाचला आणि तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. उत्तर पूर्ण खोटं नाही, पण ते फारच गुळगुळीत आहे. त्या नाचाआधीची पाच वर्षं देशात काय चाललं होतं, नाचणाऱ्यांत कोण होतं, कोण नव्हतं, आणि रंगमंचावर नेमकं काय गायलं गेलं हे पाहिलं की ती रात्र करमणुकीची कमी आणि राजकारणाची जास्त वाटू लागते. शिवाय नाव म्हणाल, तर ते त्या रात्री मिळालंच नाही.

२३ फेब्रुवारी १६५३. पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याला लागून पती-बुर्बाँ नावाचा वाडा होता. त्याच्या मोठ्या दालनात ‘बाले रोआयाल द ला न्वी’, म्हणजे ‘रात्रीचा राजेशाही बॅले’, पहिल्यांदा सादर झाला. पुढच्या काही आठवड्यांत त्याचे आणखी प्रयोग झाले. पद्यं इझाक द बाँसराद या दरबारी कवीची, पडदे आणि यंत्रं इटलीहून आणलेल्या जाकोमो तोरेल्लीची, गायनाच्या भागांचं संगीत जाँ द काँबफोरचं. प्रमुख नर्तक स्वतः राजा.

आधीची पाच वर्षं

१६४८ पासून फ्रान्समध्ये ‘फ्राँद’ नावाचं बंड चालू होतं. फ्राँद म्हणजे गोफण, पॅरिसची पोरं लोकांच्या खिडक्या फोडायला वापरायची तसली. नाव पोरखेळाचं असलं तरी प्रकरण गादीपर्यंत जाऊन भिडलं होतं. स्पेनशी युद्ध चाललेलं, तिजोरी रिकामी, राजा लहान. कारभार राजमाता अ‍ॅनच्या नावाने चालायचा, पण खरी सूत्रं इटलीत जन्मलेल्या कार्डिनल माझारिनच्या हातात होती. नव्या करांना पॅरिसच्या न्यायसभेने विरोध केला. ऑगस्ट १६४८ मध्ये ब्रुसेल नावाच्या एका वृद्ध न्यायाधीशाला अटक झाली आणि शहरभर रस्ते अडवले गेले. जानेवारी १६४९ मध्ये राजमातेला दोन्ही मुलांना घेऊन रातोरात सँ-जर्मँला पळावं लागलं.

९ फेब्रुवारी १६५१ ची रात्र तर लुई जन्मभर विसरला नसावा. राजघराणं पुन्हा पळणार अशी आवई उठली आणि जमाव राजवाड्यावर येऊन थडकला. राजा आहे की गेला, ते आम्हाला डोळ्यांनी बघू द्या, असा हट्ट. राजमातेने दारं उघडायला लावली. बारा वर्षांचा लुई झोपेचं सोंग घेऊन पलंगावर पडून राहिला, आणि अनोळखी माणसं पलंगाशी येऊन, त्याला न्याहाळून गेली.

तोवर बंड न्यायाधीशांच्या हातून सरदारांच्या हातात गेलं होतं. राजाचा चुलता गास्ताँ आणि नामवंत सेनापती काँदे हे राजघराण्यातलेच लोक उलटले. जुलै १६५२ मध्ये पॅरिसच्या वेशीवर काँदेच्या आणि राजाच्या फौजा भिडल्या, तेव्हा गास्ताँच्या मुलीने, म्हणजे राजाच्या सख्ख्या चुलत बहिणीने, बास्ती (बॅस्टिल) किल्ल्याच्या तोफा राजाच्याच सैन्यावर डागायला लावल्या. ऑक्टोबरमध्ये लुई पॅरिसला परतला. गास्ताँची रवानगी ब्लुआला झाली आणि काँदे स्पेनला जाऊन मिळाला.

माझारिनची गोष्ट आणखी मजेशीर. १६५१ च्या डिसेंबरात न्यायसभेने त्याच्या डोक्यावर दीड लाख लिव्हरचं बक्षीस लावलं होतं, आणि तो पैसा उभा करायला त्याचाच प्रसिद्ध ग्रंथसंग्रह विकायला काढला होता. त्याची निंदा करणारी पाच हजारांच्या आसपास पत्रकं या काळात छापली गेली. असा हा माणूस ३ फेब्रुवारी १६५३ रोजी पॅरिसमध्ये सन्मानाने परतला. त्यानंतर विसाव्या दिवशी बॅलेचा पहिला प्रयोग. बोर्दो शहर तेव्हाही बंडखोरांच्याच ताब्यात होतं, ते पडलं उन्हाळ्यात. म्हणजे विजय पुरता हाती येण्याआधीच त्याचा सोहळा उरकला गेला. पत्रकांच्या पुराला माझारिनने छापील उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता नाचातून उत्तर दिलं, असं मला वाटतं.

चार प्रहर

तेव्हाचा दरबारी बॅले आजच्यासारखा नव्हता. पायाच्या अंगठ्यावर तोललेल्या नर्तिका त्यात नाहीत. सरदार स्वतः मुखवटे चढवून नाचत, सोबतीला धंदेवाईक नर्तक असत, आणि बायकांची सोंगंही बहुधा पुरुषच काढत. खेळ एकसंध गोष्टीचा नसे, एकामागून एक ‘प्रवेश’ येत. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला थोडं गायन. प्रेक्षकांच्या हाती छापील पुस्तिका असे आणि तिच्यात प्रत्येक बड्या नर्तकासाठी चार-सहा ओळी. त्या ओळी गायच्या नसत, वाचायच्या असत. बाँसरादचा हातखंडा इथेच होता. एकाच ओळीत तो भूमिकेबद्दलही बोलायचा आणि त्या भूमिकेतल्या माणसाच्या भानगडींबद्दलही. दरबारी लोक ती पुस्तिका चवीने वाचत.

या बॅलेत रात्रीचे चार प्रहर होते, संध्याकाळी सहापासून पहाटे सहापर्यंत, आणि प्रवेश चाळीसहून अधिक. पहिल्या प्रहरात सूर्य मावळतो: घरी परतणारे शिकारी, गुराखी, दुकानं बंद करणारे व्यापारी, चोर. शेवटी पॅरिसमधली भिकाऱ्यांची प्रसिद्ध वस्ती. दिवसभर लंगडे, आंधळे म्हणून भीक मागणारे तिथे शिरतात आणि ठणठणीत होऊन नाचू लागतात. दुसरा प्रहर मेजवान्यांचा आणि नाचगाण्यांचा. तिसऱ्यात सगळं उलटंपालटं होतं. चंद्रदेवी एका मेंढपाळाच्या प्रेमात पडून आकाश सोडून खाली येते, अंधार पसरतो, ज्योतिषी गडबडून जातात, चेटकिणींचा मेळा भरतो. मग एका घराला आग लागते आणि अर्धवट कपड्यांतली माणसं जीव घेऊन पळत सुटतात. ज्या शहराने नुकतीच खरी जाळपोळ आणि गोळीबार अनुभवला, त्याच्या दरबाराला हा प्रवेश निव्वळ गमतीचा वाटला असेल का? चौथ्या प्रहरात झोप आणि स्वप्नं. मग पूर्व उजळते.

इथे रथात बसून उषा येते आणि गाते. काँबफोरने स्वरबद्ध केलेल्या या गीताचा आशय असा: हा महान राजा पुढे सरकताच ताऱ्यांची झुंड पळ काढते; त्याच्या गैरहजेरीत मिरवणारे रात्रीचे ‘उमदे’ प्रकाश आता त्याच्यासमोर उभे राहायला धजत नाहीत; ते सगळे चंचल दिवे विझून गेले; माझ्यामागून येतोय तो सूर्य म्हणजे तरुण लुई.

‘उमदे’साठी मुळात जो शब्द आहे तोच फ्रेंचमध्ये सरदारवर्गासाठी वापरतात. आणि राजाची गैरहजेरी? तो पॅरिसबाहेर भटकत होता तेव्हा शहरात काँदे आणि मंडळी मिरवत होती. हे कळायला टीकाकाराची गरज नव्हती. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी मधल्या काळात कोणत्या ना कोणत्या बाजूला वजन टाकलं होतं.

मग सूर्य प्रकटतो. त्या पोशाखाचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अंगभर सोनेरी वस्त्र, डोक्यावर किरणांचा मुकुट आणि त्यावर पिसांचा उंच तुरा. छातीवर सूर्य, गुडघ्यांशी सूर्य, बुटांवरही सूर्य. भोवती मान, विजय, कीर्ती, शांती अशी मूर्त रूपं. पुस्तिकेत राजाच्या तोंडी घातलेल्या ओळी सौम्य सुरुवात करतात: मी आत्ता कुठे डोंगरमाथे उजळू लागलोय, माझी वाटचाल अजून फार झालेली नाही, वस्तूंना त्यांचा आकार आणि रंग परत द्यायला मी आलोय. पुढची ओळ मात्र कानाखाली वाजवणारी आहे: ज्याला माझा प्रकाश मान्य करायचा नसेल, त्याला माझी धग जाणवेल. फ्रान्सवरच्या सावल्या हटवल्या की आपलं तेज दूर बायझांटियमपर्यंत, म्हणजे तुर्कांच्या राजधानीपर्यंत, जाऊन त्यांची चंद्रकोर पुसून टाकेल, असंही हा सूर्य सांगतो. मधेच आईलाही मान आहे. एका थोर देवीने माझे हक्क सांभाळले, ती राण्यांमधला तारा आणि मी राजांमधला.

या वेळी लुईचा राज्याभिषेकही झालेला नव्हता. तो रँसच्या कॅथेड्रलमध्ये ७ जून १६५४ रोजी, म्हणजे सव्वा वर्षानंतर झाला. देवाघरचं तेल कपाळाला लागण्याआधी पॅरिसने त्याला सूर्य म्हणून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी पलंगाजवळ येऊन त्याला न्याहाळणारं हेच शहर. आता मात्र कसं दिसायचं आणि किती वेळ, हे त्याच्याकडची माणसं ठरवत होती.

भूमिकावाटपही अभ्यासण्यासारखं आहे. राजाचा बारा वर्षांचा धाकटा भाऊ फिलीप पहाटेचा तारा झाला, सूर्याची वर्दी देऊन बाजूला होणारा. आधीच्या पिढीत राजाच्या धाकट्या भावाने, म्हणजे गास्ताँने, आयुष्यभर कटकारस्थानं केली होती. या पिढीतल्या धाकट्याला त्याची जागा नाचातूनच दाखवून दिली, असा मी याचा अर्थ लावतो. लुईनेही फक्त सूर्य केला असं नाही. त्या रात्री तो एका तासाच्या रूपात नाचला, एका खेळाच्या, चेटकिणींचा मेळा बघायला आलेल्या एका चौकस माणसाच्या, दलदलीतल्या भुताच्या दिव्याच्या आणि एका पिसाट माणसाच्याही. सूर्य शेवटी आला म्हणून लक्षात राहिला.

आणखी एक नर्तक विसरून चालणार नाही: वीस वर्षांचा जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली, फ्लॉरेन्सच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. तो कुणाच्या पदरी होता? बास्तीच्या तोफा डागायला लावणाऱ्या त्याच चुलत बहिणीच्या. तिला पॅरिस सोडावं लागलं तेव्हा याने तिची चाकरी सोडली आणि काही महिन्यांत राजासोबत नाचू लागला. १६ मार्च १६५३ रोजी त्याची राजाचा वाद्यसंगीतकार म्हणून नेमणूक झाली. पुढे ल्युली या फ्रेंच नावाने त्याने फ्रान्सच्या संगीतावर तीन दशकं एकछत्री अंमल गाजवला. या बॅलेचा सगळ्यात रोकडा फायदा कुणाला झाला असेल तर तो यालाच.

प्रचलित गोष्टीत खरं किती?

प्रथम वेळेबद्दल. बॅले बारा-तेरा तास चालला आणि खरा सूर्योदय होताना लुई रंगमंचावर आला, असं हमखास लिहिलेलं आढळतं. कल्पना सुंदर आहे. कोकणातला दशावतार रात्री उभा राहून पहाटे दहीकाल्याला संपतो, तसं काहीसं डोळ्यांसमोर येतं. मला मात्र ते पटत नाही. सहा ते सहा हे बारा तास बॅलेच्या कथेतले आहेत. नाचाचे छोटे छोटे प्रवेश, ते चाळीसहून अधिक असले, तरी बारा तास पुरणं कठीण. कथेतल्या रात्रीलाच पुढच्या लेखकांनी प्रयोगाची लांबी मानलं असावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सूर्य हे आपलं चिन्ह कसं ठरलं, हे लुईने स्वतः लिहून ठेवलंय. युवराजासाठी तयार करवून घेतलेल्या आठवणींत तो १६५३ च्या नाचाचा उल्लेख करत नाही. तो श्रेय देतो जून १६६२ च्या घोडेस्वारांच्या भव्य खेळाला. युवराजाच्या जन्माप्रीत्यर्थ तो खेळ ट्युलरी वाड्यासमोर झाला, आणि त्या जागेला आजही ‘प्लास द्यु कारुझेल’ म्हणतात. सूर्यच का, याची त्याची कारणं अशी: तो एकमेव आहे, त्याच्याभोवतीचे तारे जणू दरबारच भरवतात, तो सर्वांना सारखा प्रकाश वाटतो, अखंड फिरत असूनही शांत दिसतो आणि आपली वाट कधी सोडत नाही. हा कारभाऱ्याचा सूर्य आहे. १६५३ चा धमकावणारा सूर्य याहून बराच तापट होता.

१६६२ च्या त्या खेळात घोडेस्वारांच्या पाच तुकड्या होत्या. राजा रोमनांचा सम्राट, त्याचा भाऊ इराण्यांचा. एक सरदारपुत्र तर भारतीयांचा राजा झाला होता. आणि तुर्कांचा नायक कोण? काँदे! १६५९ च्या स्पेनबरोबरच्या तहानंतर त्याला माफी मिळाली होती. त्याच्या ढालीवर चंद्रकोर होती आणि खाली लॅटिन ब्रीद: ‘जसजशी नजर पडते तसतशी ती वाढते.’ नजर कुणाची, हे सांगायला नकोच. १६५३ मध्ये जी चंद्रकोर पुसून टाकायची होती, ती नऊ वर्षांनी सूर्याच्या कृपेवर जगायला तयार होती. या प्रकरणातला हा तपशील मला सर्वांत आवडतो. बॅलेत जे नुसतं म्हटलं गेलं होतं, ते इथे बंडखोराच्याच हातून वदवून घेतलं.

म्हणून माझा निष्कर्ष असा की प्रतिमा १६५३ ची आणि तिच्यावरची मालकी १६६२ ची. कल्पना मात्र दोन्हींआधीची. लुईचा मामा, स्पेनचा चौथा फिलिप, ‘ग्रहराज’ म्हणून मिरवत होता. जुन्या खगोलशास्त्रात सूर्य हाही ग्रहच (आपल्या नवग्रहांत रवी आहे तसाच) आणि पृथ्वीपासून मोजला तर चौथा, म्हणून चौथ्या फिलिपला तो बरोबर लागू पडला. फ्रान्सने स्पेनकडून पुढे मुलूख जिंकला, त्याआधी सूर्य उचलला, असं गमतीने म्हणता येईल.

राहिलं नाव. लुईच्या हयातीत त्याची अधिकृत पदवी होती ‘थोर’. १६८० मध्ये पॅरिस शहराने ती दिली, आणि पॅरिसची ‘लुई-ल-ग्राँ’ ही नामांकित शाळा आजही ती मिरवते. ‘रोआ-सोलेय’, म्हणजे ‘सूर्यराजा’, हे जोडनाव सर्रास रुळलं ते एकोणिसाव्या शतकात, तो जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाल्यावर. आता फ्रेंच वर्तमानपत्रांत ते राजांपुरतं उरलेलं नाही. एखादा राष्ट्राध्यक्ष किंवा कंपनीचा मालक सगळं आपल्याभोवती फिरवू लागला की त्याला ते खुशाल चिकटवलं जातं. ‘राज्य म्हणजे मीच’ या त्याच्याच नावावर खपणाऱ्या वाक्याची गत तर याहून वाईट. एप्रिल १६५५ मध्ये न्यायसभेपुढे तो असं बोलला म्हणतात, पण त्या बैठकीच्या नोंदींत ते वाक्यच नाही.

नाव नसलं तरी प्रतिमा लोकांच्या मनात पक्की बसली होती, याचा पुरावा शत्रूंनी दिला. १२ मे १७०६ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागलं, आणि त्याच दिवशी फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या स्पॅनिश फौजांना बार्सिलोनाचा वेढा उठवून माघार घ्यावी लागली. विरोधी आघाडीने ही संधी सोडली नाही. झाकोळलेल्या सूर्याची पदकं पाडली गेली. त्या पदकांवरचा विनोद कळण्यासाठी कुणाला खुलाशाची गरज पडली नसणार.

लुई स्वतः १६६९ पर्यंत दरबारी बॅलेंत नाचत राहिला. १६५४ मध्ये त्याने सूर्यदेव अपोलो केला, आणि ती भूमिका पुढेही त्याला सोडेना. व्हर्सायच्या बागेत कारंज्यातून रथासह वर येणारा अपोलो आहे, तो याच काळातला. १६६१ मध्ये त्याने तेरा नृत्यगुरूंची ‘राजेशाही नृत्य अकादमी’ स्थापन केली. त्याचा गुरू पिएर बोशाँ याने पायांच्या पाच मूळ स्थिती बसवल्या, असं मानतात. मुंबई-पुण्यातल्या बॅलेच्या वर्गातही पहिल्या दिवशी त्याच पाच शिकवतात, फ्रेंच नावांसकट.

१६५३ च्या त्या दालनाचं आज काहीच शिल्लक नाही. लूव्रच्या विस्तारासाठी १६६० मध्ये पती-बुर्बाँ पाडायला घेतला. पुस्तिका आहे, पोशाखांची चित्रं आहेत. त्यांचा एक मोठा संग्रह इंग्लंडमध्ये वॉड्सडन मॅनरला जपलेला आहे. संगीत मात्र अर्धंमुर्धं. नाचांच्या धुनांची फक्त वरच्या व्हायोलिनची ओळ उरली, तीही राजाचा संगीत-ग्रंथपाल फिलिदोर याने शतकाच्या अखेरीस उतरवून ठेवली म्हणून. फ्रेंच संगीतकार सेबास्तियाँ दोसे यांनी खालच्या ओळी नव्याने रचून २०१५ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण काढलं आणि २०१७ मध्ये काँ शहरात ते रंगमंचावर आणलं. मूळ बॅलेत नसलेले, रोस्सी आणि कावल्ली या तेव्हाच्या इटालियन संगीतकारांच्या ऑपेरांतले तुकडेही त्यांनी त्यात गुंफलेत. कावल्लीचा तो ऑपेरा १६६२ चा, घोडेस्वारांच्या त्या खेळाच्याच वर्षीचा.